नाव कळले, ओळख झाली काय? : पक्षी ओळखण्याच्या मोबाईल ॲपची चिकित्सा

प्रस्तावना :

मराठीतील 'ओळख' या शब्दात दोन अर्थ सामावलेले आहेत. समोर दिसणारी व्यक्ती वा वस्तू नेमकी कोणती, हे निश्चित करणे हा त्याचा एक अर्थ होय. पोलिसांच्या ओळख परेडमध्ये हाच अर्थ अभिप्रेत असतो. दुसरा अर्थ परिचयाचा. 'त्यांची आमची जुनी ओळख आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात सहवास, स्वभावाची माहिती आणि काहीशी आपुलकी गृहीत असते. पक्ष्यांच्या अभ्यासात हे दोन्ही अर्थ दीर्घकाळ एकमेकांच्या आधाराने नांदले. पक्षी कोणता हे ठरविण्यासाठी त्याचे बसणे, उडणे, खाणे, ओरडणे पाहावे लागे आणि हे पाहता पाहताच त्याच्याशी परिचय होत असे. स्मार्टफोनवरील पक्षी ओळखण्याच्या ॲपमुळे पहिली ओळख दुसरीशिवाय मिळू लागली आहे. या बदलाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त अध्यापनातील आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावर सर्व शाखांसाठी पर्यावरण अभ्यासाचा सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम तयार केला. त्यातील क्षेत्रकार्याच्या घटकात परिसरातील सामान्य वनस्पती, कीटक व पक्षी यांचा अभ्यास सुचविलेला होता आणि क्षेत्रकार्यासाठी २५ गुण राखलेले होते. पुढे अभ्यासक्रमांची नावे आणि श्रेयांकांची रचना बदलली, तरी प्रकल्प अहवालाची प्रथा टिकून आहे. मी मराठीचा अध्यापक. परंतु अनेक महाविद्यालयांत घडते त्याप्रमाणे या प्रकल्पांच्या मूल्यमापनाचे काम माझ्याकडेही आले. एका विद्यार्थ्याने महाविद्यालयामागील तलावाच्या परिसरातील ४३ पक्ष्यांची यादी सादर केली. प्रत्येक नावापुढे दिनांक होता, वेळ होती. तोंडी परीक्षेत मी विचारले, "यातला जंगल बॅबलर म्हणजे कोणता पक्षी? दिसतो कसा?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, फोन उघडू का?" त्या वेळी खिडकीबाहेरच्या बाभळीखाली सात-आठ सातभाई पाचोळा उलटीत कलकलाट करीत होते. जंगल बॅबलर म्हणजे तेच.

त्या अहवालाला किती गुण द्यावेत, हे मला त्या दिवशी ठरविता आले नाही. यादी खोटी नव्हती. विद्यार्थी पहाटे उठून तलावावर गेलेला होता. तरीही काहीतरी घडावयाचे राहून गेले होते. ते नेमके काय, याचा शोध घेण्यासाठी प्रथम ॲपच्या पूर्वसुरींकडे, म्हणजे पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांकडे पाहावे लागेल.

मार्गदर्शिका आणि तिचा वाचक :

पक्षी ओळखण्याचे पुस्तक हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावयास हरकत नसावी. त्याला स्वतःची रचना आहे, परंपरा आहे आणि त्याने घडविलेला वाचक आहे. एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखावयाचा म्हणजे बहुधा तो बंदुकीने पाडून हातात घ्यावयाचा, असा प्रघात होता. १८८९ मध्ये फ्लॉरेन्स मेरियम या अमेरिकन लेखिकेने नाटक पाहावयाच्या छोट्या दुर्बिणीतून पक्षी पाहण्यासंबंधीचे पुस्तक लिहिले. जिवंत पक्षी दुरून पाहून ओळखता येतो, हा त्यातील विचार त्या काळी नवा होता. १९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसन यांची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. पीटरसन यांनी चित्रे साधी ठेवली आणि एका पक्ष्याला दुसऱ्यापासून वेगळे करणाऱ्या खुणांवर वाचकाचे लक्ष खिळविले. पक्ष्याची सगळी पिसे मोजण्याची गरज नाही, नेमके कोठे पाहावे एवढे कळले पाहिजे, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते.

भारतात हे काम सालिम अली यांच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' या पुस्तकाने केले. ते १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. या पुस्तकाच्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली आकारमानाची. सालिम अली पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार, गावठी कोंबडी अशा परिचित पक्ष्यांच्या तुलनेने सांगतात आणि त्याहून थोडा मोठा वा लहान असेल तर अधिक-उणे चिन्ह जोडतात. अनोळखी पक्ष्याकडे जाण्याची वाट ओळखीच्या पक्ष्यावरून जाते, ही त्यातील दृष्टी होय. ज्याने बुलबुल नीट पाहिलेला नाही, त्याला हे पुस्तक वापरताच येत नाही. दुसरी गोष्ट नोंदीच्या रचनेची. आकार, ओळखण्याच्या खुणा आणि आढळ यांबरोबरच पक्ष्याच्या सवयी आणि त्याचे घरटे यांचे वर्णन प्रत्येक नोंदीत येते. पक्ष्याचे नाव सापडल्यानंतरही वाचनाचा मोठा भाग शिल्लक उरतो.

पुस्तकाच्या वापरात आणखी एक गोष्ट नकळत घडते. वाचक आपला पक्षी शोधीत पाने उलटतो, तेव्हा आपला नसलेले वीस-पंचवीस पक्षी त्याच्या नजरेखालून जातात. 'हा नव्हे, याची चोच लांब आहे. हाही नव्हे, याच्या भुवईवर रेघ नाही' अशी नकारांची साखळी तयार होते. या नकारांतून नजर तयार होते. भाषा शिकताना शब्दकोशात एक शब्द शोधणारा विद्यार्थी शेजारचे चार शब्द वाचून जातो, त्यासारखेच हे आहे.

सालिम अली यांचा स्वतःचा पक्ष्यांशी परिचय कसा झाला, हे सर्वश्रुत आहे. बालपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती हे विचारण्यासाठी हा मुलगा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी नाव तर सांगितलेच, शिवाय भुसा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून तो संग्रह त्याला दाखविला. नाव सांगून मुलाची बोळवण करता आली असती. मिलार्ड यांनी नावाच्या पुढचे दार उघडले. मार्गदर्शिकेचे मोल ठरविताना हा प्रसंग कसोटी म्हणून उपयोगी पडतो : मार्गदर्शक नावापाशी थांबतो की पुढे नेतो?

ॲपची वाटचाल : प्रश्नांकडून उत्तराकडे :

आज सर्वाधिक परिचित असलेले ॲप म्हणजे अमेरिकेतील कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी या संस्थेचे 'मर्लिन बर्ड आयडी' होय. ते विनामूल्य आहे. २०१४ मध्ये ते प्रथम उपलब्ध झाले, तेव्हा त्याचे स्वरूप प्रश्नावलीचे होते. पक्षी कोठे पाहिला, केव्हा पाहिला, आकार केवढा होता, मुख्य रंग कोणते होते आणि तो काय करीत होता, असे पाच प्रश्न ते विचारी. उत्तरांवरून, त्या प्रदेशात त्या ऋतूत कोणते पक्षी असण्याची शक्यता आहे याचा हिशेब करून, ते संभाव्य पक्ष्यांची यादी पुढे ठेवी. त्यातून 'हाच माझा पक्षी' असे वापरणाऱ्याने स्वतः सांगावयाचे असे.

ही रचना पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. या पहिल्या स्वरूपातील ॲप हे मार्गदर्शिकेचे वारस होते. प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी पक्ष्याकडे पाहणे भाग होते. 'तो काय करीत होता?' हा प्रश्न तर थेट सवयींकडे नेणारा होता. या प्रश्नांची मूळ मांडणी अमेरिकी परिसरात झाल्याने काही गमती त्यात होत्या. आकाराच्या मोजपट्टीवर तेथे चिमणी आणि कावळा यांच्यामधला टप्पा 'रॉबिन' हा होता. अमेरिकेतला रॉबिन साळुंकीएवढा असतो. आपल्याकडे रॉबिन नावाने ओळखला जाणारा चिरक चिमणीपेक्षा फारसा मोठा नसतो. सालिम अली यांनी बुलबुल आणि साळुंकी यांची माप म्हणून निवड का केली, हे येथे कळते. मोजपट्टीही ज्या त्या भूमीची असावी लागते. परंतु हा दोष वरवरचा होता. पाहण्याची जबाबदारी पाहणाऱ्याकडेच होती, हे अधिक महत्त्वाचे.

त्यानंतर छायाचित्रावरून पक्षी ओळखण्याची सोय आली. आता वर्णन करण्याची गरज उरली नाही, मात्र पक्षी शोधून तो चौकटीत पकडावा लागे. २०२१ मध्ये आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय आली. फोन हातात धरून उभे राहिले की आसपास ओरडणाऱ्या पक्ष्यांची नावे पडद्यावर एकामागून एक उमटू लागतात. कोणता आवाज कोणत्या झाडावरून आला, हे पाहण्याचीही आवश्यकता नाही.

या तीन टप्प्यांचा क्रम लावला म्हणजे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन स्पष्ट होते. ॲप जसजसे अधिक सक्षम होत गेले, तसतसे ते वापरणाऱ्याला कमी प्रश्न विचारू लागले. पहिल्या टप्प्यावर त्याने पाच प्रश्न विचारले, दुसऱ्यावर एक छायाचित्र मागितले, तिसऱ्यावर केवळ उभे राहण्याची अपेक्षा ठेवली. माझ्या विद्यार्थ्याच्या यादीतील बहुतेक पक्षी या तिसऱ्या मार्गाने आलेले होते. त्याने काही चुकीचे केले नव्हते. त्याला कोणी काही विचारलेच नव्हते.

कोतवाल आणि शिक्रा :

आवाजावरून ओळखण्याचे तंत्र कसे चालते, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. यंत्र आवाजाचे आलेखचित्र तयार करते. काळानुसार बदलणारी ध्वनीची पट्टी त्या चित्रात उमटते. मग संग्रहातील असंख्य ध्वनिमुद्रणांच्या चित्रांवरून शिकलेल्या नमुन्यांशी हे चित्र ताडून पाहिले जाते. म्हणजे यंत्र ऐकते असे आपण म्हणतो, तेव्हा ते वस्तुतः चित्रे ओळखीत असते. ज्या जातींची पुरेशी ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, त्याच जाती त्याला शिकविता येतात. भारतात १३०० हून अधिक जातींचे पक्षी आहेत. यंत्राला न शिकविलेला पक्षी ओरडला, तर ते एक तर गप्प राहील किंवा शिकविलेल्यांपैकी जवळचे नाव सांगेल.

पुढील वर्षी मी विद्यार्थ्यांबरोबर स्वतः तलावावर गेलो. बांधावर साळुंक्यांचा थवा किडे टिपीत होता. एकाएकी शिक्र्याची तीक्ष्ण आरोळी ऐकू आली आणि साळुंक्या भर्रकन उडाल्या. एका विद्यार्थिनीच्या फोनवर 'शिक्रा' हे नाव उमटले. सर्वांनी आकाशाकडे पाहिले. शिक्रा कोठेच नव्हता. विजेच्या तारेवर बसलेला काळा कोतवाल खाली झेपावला, साळुंकीने टाकून दिलेला किडा उचलून परत तारेवर येऊन बसला आणि थोड्या वेळाने पुन्हा तीच आरोळी देऊ लागला. या वेळी ती त्याच्या उघडलेल्या चोचीतून येताना सर्वांना दिसली.

काळा कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची नक्कल करून साळुंक्यांना भेदरवितो व त्यांचे भक्ष्य पळवितो, ही बाब पक्षितज्ज्ञांनी नोंदविलेली आहे. त्या दिवशी कोतवालाने साळुंक्यांना फसविले आणि यंत्रालाही. यात यंत्राची विशेष नामुष्की नाही, कारण शिक्र्याला भिऊन जगणाऱ्या साळुंक्याही फसल्या. मात्र या फसगतीचा उलगडा होण्यासाठी फोनवरून नजर काढून तारेकडे पाहावे लागले. आवाज, तो देणारा, त्याची बसण्याची जागा, थव्याची पळापळ आणि त्यानंतरची झेप या पाच गोष्टी एकत्र जुळल्या तेव्हा पक्षी ओळखला गेला. यंत्राकडे त्यांपैकी एकच गोष्ट होती. त्या विद्यार्थिनीने अहवालात शिक्र्याचे नाव खोडले आणि खाली सहा ओळींत ही हकिकत लिहिली. वर्षभरातील अहवालांत मला सर्वांत मोलाच्या वाटलेल्या ओळी त्याच होत.

कोतवाल हे नावही येथे विचारात घेण्याजोगे आहे. हा पक्षी आपल्या घरट्याजवळ आलेल्या कावळ्यांना आणि घारींना धीटपणे पिटाळून लावतो. इतर लहान पक्षी त्याच्या शेजारी निर्धास्तपणे घरटी बांधतात. नगराचे रक्षण करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव लोकांनी त्याला दिले ते यामुळे. ज्याला कोतवाल म्हणावे त्यानेच लुबाडणुकीची युक्ती करावी, हा विरोधाभास नाव ठाऊक असलेल्यालाच जाणवतो.

नाव : खूण आणि चिठ्ठी :

मराठीतील पक्ष्यांच्या नावांकडे या दृष्टीने पाहिले तर ती नावे म्हणजे छोट्या मार्गदर्शिकाच आहेत असे दिसते. पानांना टाके घालून घरटे शिवणारा तो शिंपी. पकडलेले भक्ष्य काट्याला टोचून ठेवणारा तो खाटीक. भर दुपारी तांब्याच्या भांड्यावर घण पडावा तसा एकसुरी ठोका देणारा तो तांबट. टोळीने फिरणारे ते सातभाई. शेपटीचा पंखा उघडून सतत थिरकणारा तो नाचण. या नावांत वागणूक आहे, आवाज आहे, गावातील बलुतेदारी आहे. नाव घेताच कोठे आणि काय पाहावयाचे, हे सूचित होते. मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांच्या कोशाचे काम करताना लोकभाषांतील आणि आदिवासींकडील नावांना जे महत्त्व दिले, त्यामागे हीच जाणीव असावी.

या संदर्भात आणखी एका विद्यार्थ्याचा अनुभव नमूद करावासा वाटतो. तो कोरडवाहू शेती करणाऱ्या कुटुंबातला. जूनच्या प्रारंभी त्याने दिलेल्या यादीत 'कॉमन हॉक-कुकू' असे नाव होते आणि त्यापुढे 'नवीन' असा शेरा होता. ॲपने त्याच्या यादीत हा पक्षी प्रथमच नोंदविला होता. मी आवाज कसा होता असे विचारले. त्याने तो तोंडाने काढून दाखविला आणि मध्येच हसून म्हणाला, "सर, हा तर आमचा पावशा! पेर्ते व्हा, पेर्ते व्हा."

"मग यादीत तसं का नाही लिहिलंस?"

"फोनमध्ये असंच आलं, सर. आणि पावशा लिहिलं तर चालेल का, ते माहीत नव्हतं."

या उत्तराने मी अस्वस्थ झालो. ज्या पक्ष्याच्या हाकेवर त्याच्या घरी पेरणीची बोलणी होत आली, तो पक्षी त्याच्या यादीत 'नवीन' ठरला होता. पहिला विद्यार्थी नाव जाणत होता आणि पक्षी जाणत नव्हता. हा विद्यार्थी पक्षी जाणत होता, पण आपले जाणणे ज्ञान म्हणून मांडता येते हे त्याला ठाऊक नव्हते. दोघांच्या याद्या मात्र सारख्याच दिसत होत्या.

एकाच पक्ष्याच्या त्याच चढत्या सुरांत इंग्रजांना तापाने फणफणलेल्या मेंदूची आठवण झाली, हिंदी भाषकाला 'पी कहाँ' असा विरहिणीचा प्रश्न ऐकू आला आणि मराठी शेतकऱ्याला पेरणीचा निरोप मिळाला. या तिन्ही श्रुती त्या त्या जगण्यातून आलेल्या आहेत. यंत्राला यांपैकी एकही ऐकू येत नाही. त्याने ती ऐकावी अशी अपेक्षाही नाही. ॲपमध्ये नावांची भाषा बदलण्याची सोय असते, असे यावर कोणी म्हणेल. भाषा बदलल्याने चिठ्ठी बदलते. चिठ्ठीचे रूपांतर खुणेत होण्यासाठी ऐकणाऱ्याला त्या आवाजापाशी थांबावे लागते.

रानपिंगळ्याचा धडा :

येथपर्यंतचा विचार शिकणाऱ्याच्या बाजूने झाला. ज्ञानाच्या बाजूनेही या प्रश्नाला महत्त्व आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडलेले आहे. रानपिंगळा या घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी केले. १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंद मिळेना. रिचर्ड मीनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात मात्र १९१४ मधील म्हणून दाखविलेला एक नमुना होता. पॅमेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना असून त्यावर खोट्या स्थळकाळाची चिठ्ठी लावली असल्याचे निष्पन्न झाले. ती नोंद बाजूला सारून, विश्वसनीय जुन्या नमुन्यांची स्थळे प्रमाण मानून शोध घेण्यात आला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना जिवंत रानपिंगळा दिसला. मधे ११३ वर्षे गेली होती.

गावोगाव दिसणाऱ्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते अगदी पुसट असतात, आणि त्याच्या पंखांवरचे व शेपटीवरचे पट्टे अधिक ठळक असतात. एवढ्या फरकावर शतकभराचे कोडे सुटले. या घटनेतून दोन गोष्टी शिकावयाच्या. एक, ओळख ही पुराव्याची बाब आहे. 'कोणी सांगितले' यापेक्षा 'कशावरून सांगितले' याला महत्त्व आहे. दुसरी, चुकीची एक चिठ्ठी अनेक दशके अभ्यासकांची दिशाभूल करू शकते. यंत्र शिकते तेही माणसांनी लावलेल्या चिठ्ठ्यांवरूनच.

आज सामान्य पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर मोठे शास्त्रीय निष्कर्ष आधारलेले आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. त्यासाठी ३०,००० हून अधिक निरीक्षकांनी ई-बर्ड या व्यासपीठावर केलेल्या ३ कोटींवर नोंदींचा उपयोग झाला. कोणत्या पक्ष्याला संरक्षणाची गरज आहे, हे अशा नोंदींवरून ठरते. ई-बर्ड हेही कॉर्नेलच्याच संस्थेचे. ॲपने सुचविलेले नाव स्वतः खात्री केल्याशिवाय नोंदवू नये, अशी त्यांची स्वतःची सूचना आहे. म्हणजे ॲप घडविणारेच त्याच्या उत्तराला सूचना मानतात. वर्गातील आपण मात्र ते निकाल म्हणून स्वीकारतो. आपल्या विद्यार्थ्यांच्या याद्या उद्या अशा संग्रहात जाणार असतील, तर हा फरक शिकविणे अध्यापकाचे काम आहे.

आक्षेपांचा विचार :

या चिकित्सेवर काही रास्त आक्षेप घेता येतील. पहिला आक्षेप सामाजिक आहे. पक्ष्यांची चांगली सचित्र पुस्तके महाग आणि बहुतांशी इंग्रजीत आहेत; दुर्बीण तर बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरची. फोन मात्र बहुतेकांच्या हाती आहे, आणि आवश्यक भाग एकदा उतरवून घेतला की माळावर इंटरनेट नसतानाही ॲप चालते. पक्षिनिरीक्षण हा शहरी, सुस्थित वर्गाचा छंद राहिला असता, तो ॲपने तालुक्याच्या गावापर्यंत पोचविला. हा आक्षेप मला पूर्णतः मान्य आहे. माझा पहिला विद्यार्थी पहाटे तलावावर गेला तो फोनमुळेच.

दुसरा आक्षेप असा की, पुस्तकालाही पोपटपंची होते. चित्रे पाठ करणारे विद्यार्थी पूर्वीही होते. हेही खरे आहे. आणि ॲपमध्ये नावापुढे काहीच नसते असे म्हणणे अन्यायाचे होईल. छायाचित्रे, आवाज, आढळाचे नकाशे, थोडके वर्णन तेथे असते. मिलार्ड यांच्या कप्प्यांहून कितीतरी मोठा संग्रह तेथे उघडा आहे. पण मिलार्ड यांनी तो मुलाचा हात धरून दाखविला होता. ॲपमध्ये नाव मिळताच पुढील नाव उमटते. संग्रहाकडे वळण्याचे कारण उरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ज्यांना दिसत नाही, अशा विद्यार्थ्यांना आवाज ओळखणाऱ्या ॲपने एक नवे क्षेत्र खुले केले. ज्यांना वयोमानाने उच्च पट्टीचे आवाज ऐकू येईनासे झाले, अशा जुन्या निरीक्षकांना पक्षी परत मिळाले. त्यांच्यासाठी यंत्र हे इंद्रियाचे काम करते. आपल्या डोळस विद्यार्थ्यांसाठी मात्र ते इंद्रियाला सुट्टी देते. एकाच साधनाचे मोल वापरणाऱ्यानुसार बदलते, हे लक्षात ठेवले म्हणजे सरसकट स्वागत आणि सरसकट विरोध या दोहोंपासून दूर राहता येते.

निष्कर्ष :

वरील विवेचनातून पुढील गोष्टी हाती लागतात.

१) पक्षी ओळखण्याचे ॲप हे मार्गदर्शिकेच्या परंपरेतील साधन आहे. परंतु प्रश्नावलीकडून आवाजाकडे झालेल्या वाटचालीत पाहणाऱ्याचा सहभाग क्रमाक्रमाने घटला आहे. ॲपमधील प्रश्नावली अध्यापनास अधिक उपयुक्त आहे. आवाजाची सोय तिच्यानंतर यावी.

२) यंत्राने सांगितलेले नाव ही शोधाची सुरुवात मानावी. नक्कल करणारे पक्षी, यंत्राला न शिकविलेल्या जाती आणि खुणांचे सूक्ष्म भेद यांमुळे प्रत्यक्ष निरीक्षणाची गरज कायम आहे.

३) विद्यार्थी ज्या नावाने पक्षी जाणतो ते नाव अहवालात आले पाहिजे. प्रमाण नाव त्याच्या शेजारी असावे. भारद्वाजाला कोणी कुंभारकुकडा म्हणत असेल तर तीही माहितीच आहे.

४) अहवालाच्या मूल्यमापनात जातींच्या संख्येला गुण देऊ नयेत. पक्षी काय करीत होता, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले असेल तरच ती नोंद ग्राह्य धरावी. ॲपमधील आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला जवळ बोलाविण्याचा प्रकार, विशेषतः विणीच्या काळात, कटाक्षाने टाळावा. आपल्या हद्दीत दुसरा पक्षी शिरला असे समजून तो व्यर्थ अस्वस्थ होतो.

आता आमच्या महाविद्यालयात या प्रकल्पासाठी दहाच पक्षी मागितले जातात. प्रत्येक पक्ष्याकडे किमान दहा मिनिटे पाहावयाचे, वहीत लिहावयाचे आणि मग फोन उघडावयाचा, असा क्रम ठरविला आहे. काहींच्या वह्या अजूनही कोऱ्याच येतात. पण ४३ पक्ष्यांची यादी देणारा तो विद्यार्थी मागील हिवाळ्यात भेटीस आला, तेव्हा बोलता बोलता बाहेरचा कलकलाट ऐकून थांबला आणि म्हणाला, "सातभाई आहेत ना, सर? मांजर आलं असणार." आम्ही खिडकीतून पाहिले. मांजर खरोखरच कुंपणावर बसले होते. त्या जुन्या अहवालाला मी त्या वेळी पंचवीसपैकी बारा गुण दिले होते. आता द्यावयाचे झाले तर हे एक वाक्य त्यात धरले असते.